धर्मग्रामांत जन्मलेला संघ व त्याचे गुरु जॉक स्टीन

सुवर्णमहोत्सव हा केवळ मागें वळून धन्यता मानण्याचा प्रसंग नव्हे. ज्या हेतूनें आपल्या वाडवडिलांनीं एखादें काम हातीं घेतलें, तो हेतु अद्यापि जिवंत आहे कीं त्याचा नुसता सांगाडा उरला आहे, हें तपासून पाहण्याचीही ती वेळ असते. आपल्या धर्मग्रामाची हकीकत या स्मरणिकेच्या इतर पानांवर वाचकांस मिळेलच. आम्हीं येथें दूरदेशींच्या एका धर्मग्रामांतून निघालेल्या कार्याचा, व तें कार्य शिखरास नेणाऱ्या एका पुरुषाचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. विषय फुटबॉलचा आहे हें पाहून कांहीं वडीलधारीं माणसें कपाळास आंठ्या घालतील, आणि चर्चच्या पटांगणांत रोज सायंकाळीं चेंडूमागें धांवणारे तरुण कदाचित् हेंच पान आधीं उघडतील. दोघांसही आमची विनंति एवढीच कीं, लेख शेवटपर्यंत वाचावा. हा इतिहास जितका खेळाचा आहे तितकाच धर्मग्रामाचाही आहे.

या दोहोंचा संबंध आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. गोमंतकांत फुटबॉलचा खेळ प्रथम १८८३ सालीं शिवोली गांवीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनीं आणिला, असें सांगण्यांत येतें. त्याच काळांत स्कॉटलंडांतही धर्मसेवकांच्या हातून असेंच कांहीं घडत होतें. पण तेथें त्याच्या मुळाशीं खेळाची हौस नव्हती, भूक होती.

भुकेल्या मुलांचें ताट

१८४५ सालापासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भयंकर दुष्काळ झाला, त्यांत लाखों माणसें मेलीं व लाखों देशोधडीस लागलीं. त्यांपैकीं पुष्कळांनीं समुद्र ओलांडून स्कॉटलंडांतील ग्लासगो शहर गांठलें व त्याच्या पूर्व भागांतील दाट वस्तींत बिऱ्हाडें केलीं. हे लोक बहुतेक कॅथॉलिक होते, गरीब होते आणि परके होते. मूळचा समाज प्रॉटेस्टंट होता. दोन गरीब समाजांत कामासाठीं चुरस लागली म्हणजे धर्मभेदास धार चढावयास वेळ लागत नाहीं. ग्लासगोंत तसेंच झालें.

या वस्तींतील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉल्फ्रिड हे मॅरिस्ट संघाचे धर्मबंधु होते. त्यांचें मूळ नांव अँड्र्यू केरिन्स. त्यांचा जन्म १८४० सालीं आयर्लंडच्या स्लायगो परगण्यांत बॅलिमोट येथें झाला. म्हणजे दुष्काळ आला तेव्हां ते पांच वर्षांचें पोर होते. भूक म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. उपाशी मूल शाळेंत येत नाहीं, आणि आलें तरी त्याच्या डोक्यांत अक्षर शिरत नाहीं, हें जाणून त्यांनीं गरीब मुलांच्या जेवणाची सोय केली. इतर पंथीयांच्या अन्नछत्रांत जाऊन आपलीं मुलें श्रद्धेस मुकतील, ही काळजीही त्यामागें होती. तें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु रोज इतक्या मुलांचें पोट भरावयाचें म्हणजे पैसा हवा. एडिंबरोंत सेंट पॅट्रिक धर्मग्रामाचे कॅनन एडवर्ड हॅनन यांनीं १८७५ सालीं आयरिश तरुणांसाठीं हिबर्नियन नांवाचा फुटबॉल संघ काढिला होता. त्या संघाचे सामने पाहावयास लोक पैसे देऊन जमतात व तो पैसा धर्मकार्यास लावितां येतो, हें ब्रदर वॉल्फ्रिड यांच्या ध्यानीं आलें.

१८८७ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ६ तारखेस कॅल्टन भागांतील सेंट मेरी चर्चच्या सभागृहांत सभा भरून सेल्टिक संघाची स्थापना झाली. आयरिश व स्कॉच या दोन्ही लोकांस ज्यावर सारखाच हक्क सांगतां येईल, असें हें नांव ब्रदर वॉल्फ्रिड यांनीं निवडिलें. पहिला सामना २८ मे १८८८ रोजीं रेंजर्स या त्याच शहरांतील संघाशीं मित्रत्वानें झाला आणि सेल्टिकनें तो ५ विरुद्ध २ गोलांनीं जिंकिला.

ब्रदर वॉल्फ्रिड १८९२ सालीं वरिष्ठांच्या आज्ञेवरून लंडनला गेले व १९१५ सालीं देवाघरीं गेले. इकडे १८९७ सालीं संघाची मर्यादित कंपनी झाली. मैदान मोठें झालें, खेळाडूंस पगार मिळूं लागले, भागीदारांस नफा मिळूं लागला. मुलांचें ताट मात्र मागें पडलें. संस्था वाढते तेव्हां तिचा हेतुही तिच्याबरोबर वाढतोच असें नाहीं.

रेंजर्सशीं असलेली मैत्रीही पुढें आटली. एक संघ प्रॉटेस्टंटांचा व दुसरा कॅथॉलिकांचा, अशी शहराची जणूं वांटणी झाली. कॅथॉलिक खेळाडू घ्यावयाचा नाहीं, असा रेंजर्समध्यें अलिखित प्रघात कित्येक दशकें चालला. १९८९ सालीं मो जॉन्स्टन यांस घेतलें, तेव्हां कोठें तो उघडपणें मोडला. सेल्टिकमध्यें प्रॉटेस्टंट खेळाडू पूर्वींपासून होते. परंतु संघाचीं सूत्रें कॅथॉलिकांच्याच हातीं असत, आणि प्रेक्षकांत दोन्ही बाजूंनीं द्वेषाचीं गाणीं म्हटलीं जात. भुकेल्या मुलांसाठीं मांडलेल्या ताटाभोंवतीं अशी एक भिंत उभी राहिली होती.

खाणींतील तरुण

या भिंतीच्या दुसऱ्या बाजूस, ग्लासगोजवळच्या लॅनार्कशर परगण्यांतील बर्नबँक या खाणकामगारांच्या वस्तींत, ५ ऑक्टोबर १९२२ रोजीं जॉन स्टीन यांचा जन्म झाला. पुढें सर्व लोक त्यांस जॉक म्हणूं लागले. घराणें प्रॉटेस्टंट, वडील खाणकामगार आणि मनानें रेंजर्सचे अभिमानी. चौदा-पंधरा वर्षांच्या वयांत शाळा सुटली, कांहीं काळ गालिच्यांच्या कारखान्यांत काम केलें, आणि मग वडिलांच्या पाठोपाठ जॉकही कोळशाच्या खाणींत उतरले. शेजारच्या ब्लँटायर येथील खाणींत १८७७ सालीं स्फोट होऊन २०७ माणसें दगावलीं होतीं. अशा मुलुखांत वाढलेल्या मुलास खाण म्हणजे काय हें कोणी सांगावें लागत नसे. जमिनीखालीं त्या अंधारांत शेजारचा गडी कोणत्या पंथाचा, हें विचारण्यास सवड नसते. छताला लाकडाचा टेंकू त्यानें नीट दिला आहे कीं नाहीं, यावर आपला जीव अवलंबून असतो. स्टीन यांस जें कांहीं पुढें इतरांस शिकवावयाचें होतें, त्याचा पहिला धडा त्यांस येथें मिळाला.

आठवडाभर खाणींत राबावें व शनिवारीं खेळावें, असा त्यांचा क्रम होता. १९४२ सालीं कोटब्रिज येथील अल्बियन रोव्हर्स या लहानशा संघांत ते दाखल झाले व तेथें आठ वर्षें खेळले. महायुद्धाच्या काळांत कोळशाची निकड असल्यामुळें खाणकामगारांस खाणींतच ठेवीत. म्हणून त्यांचें खाणकाम व खेळ दोन्ही चालूं राहिलीं. १९५० सालीं ते वेल्समधील लॅनेली गांवच्या संघांत पूर्ण वेळचे खेळाडू म्हणून गेले. तेथें संघाची पैशाची ओढाताण होती, बायको व मुलगी दूर होतीं, आणि इकडे त्यांचें बंद घर चोरांनीं दोनदां फोडलें. आतां खेळ सोडून पुन्हां खाणींत उतरावें, असा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला. त्या वेळीं त्यांचें वय २९ वर्षांचें होतें, आणि फुटबॉलच्या जगांत त्यांचें नांव फारसें कोणाच्या कानावरही नव्हतें.

अशा स्थितींत १९५१ सालच्या डिसेंबर महिन्यांत सेल्टिकनें १,२०० पौंड देऊन त्यांस घेतलें. जिमी ग्रिबन या जुन्या सेवकास या मनुष्याची आठवण झाली, म्हणून हें घडलें. योजना एवढीच होती कीं, दुय्यम संघांतील पोरांबरोबर एक अनुभवी माणूस असावा. सेल्टिकचा हिरवा-पांढरा अंगरखा चढवितांच बर्नबँकमधील कांहीं जुन्या स्नेह्यांनीं त्यांच्याशीं बोलणें टाकिलें. स्टीन यांनीं त्याबद्दल फार त्रागा केला नाहीं. परंतु पंथाच्या नांवावर माणूस माणसास कसा पारखा होतो, हें त्यांनीं स्वतःच्या अंगणांत पाहिलें, व तें ते कधीं विसरले नाहींत.

खेळाडूचा गुरु झाला

मुख्य संघांतील खेळाडू जखमी झाल्यामुळें स्टीन यांस थोड्याच दिवसांत मैदानावर उतरावें लागलें, आणि पुढें संघाचें कर्णधारपदही त्यांच्याकडे आलें. त्यांच्या पायांत मोठी जादू होती असें नाहीं. चेंडू गुडघ्यानें परतविण्याची त्यांची लकब पाहून लोक हंसत. परंतु मैदानावर कोणी कोठें उभें राहावें, प्रतिपक्ष पुढें काय करणार, हें त्यांस इतरांच्या आधीं दिसे. १९५३ सालीं राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाप्रीत्यर्थ इंग्लंड व स्कॉटलंडमधील आठ संघांचे सामने झाले, त्यांत त्यांच्या नेतृत्वाखालीं सेल्टिकनें आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड व हिबर्नियन यांस हरवून चषक जिंकिला. पुढच्याच हंगामांत, म्हणजे १९५४ सालीं, स्कॉटलंडची लीग व स्कॉटिश कप हे दोन्ही मान सेल्टिककडे आले. असा दुहेरी मान त्या संघास त्यापूर्वीं १९१४ सालीं मिळाला होता.

१९५५ सालीं घोट्यास झालेली जखम नीट भरून आली नाहीं. पाय कायमचा अधू झाला व १९५७ सालच्या आरंभीं त्यांचें खेळणें संपलें. खेळाडूच्या आयुष्यांत हा क्षण मोठा कठीण असतो. कालपर्यंत हजारों लोक ज्याच्या नांवानें आरोळ्या देत, त्यास आज कोणी विचारीत नाहीं. पुष्कळजण अशा वेळीं आठवणींवर जगूं लागतात. स्टीन यांनीं मात्र दुय्यम संघाच्या मुलांस शिकविण्याचें काम पत्करिलें. त्या मुलांत बिली मॅक्नील व जॉन क्लार्क हे तरुण होते. त्या काळीं सरावाच्या नांवाखालीं खेळाडूंस मैदानाभोंवतीं फेऱ्या मारावयास लावीत आणि चेंडू कपाटांत ठेवीत. चेंडू नाहीं मिळाला म्हणजे सामन्याच्या दिवशीं त्याची भूक लागते, असा समज होता. स्टीन यांनीं मुलांच्या पायांत चेंडू दिला व प्रत्येकास त्याचें काम समजावून सांगितलें. जें स्वतःच्या पायांस साधलें नाहीं, तें दुसऱ्यांच्या पायांकडून करवून घेण्याची विद्या ती हीच.

तथापि सेल्टिकमध्यें त्यांस याहून वर चढतां येईल, अशी आशा कोणासच नव्हती. संघाचे तोंपर्यंतचे तिन्ही मॅनेजर कॅथॉलिक होते. म्हणून १९६० सालच्या मार्च महिन्यांत स्टीन डनफर्मलिन या लहान गांवच्या संघाचे मॅनेजर झाले. तो संघ खालच्या वर्गांत ढकलला जाण्याच्या बेतांत होता. स्टीन आल्यावर त्यानें लागोपाठ सहा सामने जिंकून आपली जागा राखिली; आणि दुसऱ्याच वर्षीं, १९६१ सालीं, आपल्या इतिहासांत पहिल्यांदाच स्कॉटिश कप जिंकिला. अंतिम सामन्यांत हरलेला संघ कोणता, तर सेल्टिक! घरच्यांनीं ज्यास दार उघडलें नाहीं, त्यानें बाहेर राहून आपली योग्यता अशी दाखवून दिली.

१९६३ सालीं स्टीन इटलींत मिलान शहरीं गेले व इंटर मिलान संघाचे जगद्विख्यात गुरु हेलेनियो हेरेरा यांची शिकवण्याची पद्धत त्यांनीं जवळून पाहिली. हेरेरा यांचा डाव बचावाचा होता. इटालियन लोक त्यास दाराच्या अडसराचें नांव देत. एक गोल करावा आणि मग अडसर घालून बसावें, असा त्याचा मतलब. स्टीन यांनीं तो नीट अभ्यासिला, आणि अडसर काढावा कसा याचा विचार करीत ते परत आले. १९६४ सालीं ते हिबर्नियनचे मॅनेजर झाले. हा तोच संघ, जो कॅनन हॅनन यांनीं काढिला होता. अशा रीतीनें धर्मग्रामांतून निघालेल्या दोन्ही संघांची सेवा या प्रॉटेस्टंट खाणकामगाराच्या वांट्यास आली.

घरचें दार उघडलें

सेल्टिकची त्या वेळीं दैना झाली होती. १९५७ नंतर एकही मोठा चषक मिळाला नव्हता. अध्यक्ष रॉबर्ट केली हे निष्ठावंत कॅथॉलिक होते व संघाची निवडही बहुधा तेच करीत. १९६५ सालीं त्यांनीं स्टीन यांस परत बोलाविण्याचा निर्णय घेतला. कॅथॉलिक असलेल्या शॉन फॅलन यांच्याबरोबर जोडीनें काम करावें, असें त्यांनीं प्रथम सुचविलें होतें. स्टीन यांनीं त्यास नकार देऊन पूर्ण अधिकार मागितला, आणि केली यांनीं तो दिला. मार्च महिन्यांत स्टीन सेल्टिकचे चौथे व पहिले प्रॉटेस्टंट मॅनेजर झाले. फॅलन यांनींही मनांत किल्मिष न ठेवतां त्यांच्या हाताखालीं वर्षानुवर्षें काम केलें. आमच्या मतें या इतिहासांतील थोर प्रसंग मैदानावर नव्हे, तर या खोलींत घडला. एकानें आपल्या हातांतील सत्ता सोडिली, दुसऱ्यानें आपला मान बाजूस ठेविला, आणि तिसऱ्यानें जबाबदारी उचलिली.

सहा-सात आठवड्यांतच, २४ एप्रिल १९६५ रोजीं, सेल्टिकनें स्कॉटिश कप जिंकिला. हरलेला संघ डनफर्मलिन होता, आणि निर्णायक गोल बिली मॅक्नीलचा. पुढच्या वर्षीं लीगही आली. खेळाडू घेतांना स्टीन पंथ पाहत नसत. एक कॅथॉलिक व एक प्रॉटेस्टंट असे सारख्याच गुणांचे दोन खेळाडू समोर आले, तर आपण आधीं प्रॉटेस्टंटास घेऊं, असें ते म्हणत. कारण कॅथॉलिकास रेंजर्स घेणार नाहींत, तो कोठें जात नाहीं. विनोदानें सांगितलेली ही गोष्ट, पण तिच्यांत दुसऱ्याच्या द्वेषानें दुसऱ्याचेंच कसें नुकसान होतें, हें पुरतें आलें आहे.

लिस्बन

युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या विजेत्या संघांचे सामने १९५५ सालापासून सुरू झाले होते. १९६६ सालापर्यंत तो चषक स्पेन, पोर्तुगाल व इटली या तीन देशांबाहेर गेला नव्हता. १९६७ सालीं सेल्टिक त्याच्या अंतिम सामन्यास पोंचला. सामना लिस्बन येथें होता. ज्या शहराचें नांव वसई व गोमंतकांतील आपल्या पूर्वजांच्या कानीं शतकानुशतकें पडत आलें, तेंच हें शहर. तारीख २५ मे, गुरुवार. आणि त्या दिवशीं ख्रिस्तदेहाचा सण होता. भुकेल्या मुलांस भाकर मिळावी म्हणून ऐंशीं वर्षांपूर्वीं निघालेला संघ, जीवनाच्या भाकरीच्या सणादिवशीं आपल्या इतिहासांतील सर्वांत मोठा सामना खेळला, हा योगायोग आम्हांस फार हृद्य वाटतो.

प्रतिपक्ष होता हेरेरा यांचाच इंटर मिलान. त्यानें १९६४ व १९६५ या दोन्ही सालीं हा चषक जिंकिला होता. त्याच्या पदरीं नांवाजलेले खेळाडू होते. सेल्टिकचे अकराही खेळाडू त्यांच्या मैदानापासून तीस मैलांच्या आंत जन्मलेले. त्यांत कॅथॉलिक होते तसे प्रॉटेस्टंटही होते. गोलरक्षक रॉनी सिम्पसन ३६ वर्षांचे होते. हिबर्नियनमध्यें असतां स्टीन यांनींच त्यांस सेल्टिककडे जाऊं दिलें होतें, आणि सेल्टिकमध्यें येऊन पाहतात तों तेच गृहस्थ पुढें उभे! ज्यास आपण नको म्हटलें, त्यावरच स्टीन यांनीं पुढें सर्वांत अधिक विसंबावें, अशी ही गंमत झाली. कांहीं खेळाडूंनीं आपल्या दांतांच्या कवळ्या सिम्पसन यांच्या टोपींत ठेविल्या होत्या, कारण जिंकल्यावर छायाचित्रांत नीटनेटके दिसावयाचें होतें.

सातव्या मिनिटास इटालियनांनीं दंडाच्या किकेवर गोल केला आणि अडसर घातला. पुढें तासभर सेल्टिकनें त्या दारावर धडका दिल्या. ६३ व्या मिनिटास टॉमी गेमेल यांनीं दुरून चेंडू मारून बरोबरी केली, आणि ८४ व्या मिनिटास स्टीव्ही चाल्मर्स यांनीं दुसरा गोल केला. दोन विरुद्ध एक. कर्णधार मॅक्नील यांनीं, म्हणजे दुय्यम संघांतील त्या दिवसांच्या शिष्यानें, तो चषक उंच धरिला. ब्रिटनमधील कोणत्याही संघास हा मान यापूर्वीं मिळाला नव्हता. त्या एका हंगामांत सेल्टिकनें ज्या पांच स्पर्धांत भाग घेतला, त्या पांचही जिंकिल्या. पुढें १९७४ सालापर्यंत सलग नऊ वेळां लीग त्यांच्याकडेच राहिली. स्टीन यांच्या कारकीर्दींत सेल्टिकनें १० लीग, ८ स्कॉटिश कप, ६ लीग कप व १ युरोपीय कप मिळविला.

जयाहून मोठी गोष्ट

केवळ जयांची यादी दिली तर इतिहास खोटा होईल. लिस्बनच्या विजयानंतर कांहीं महिन्यांनींच दक्षिण अमेरिकेंत अर्जेंटिनाच्या रेसिंग क्लबशीं झालेल्या सामन्यांत मैदानावर हाणामारी झाली. सेल्टिकच्या कित्येक खेळाडूंस पंचांनीं बाहेर काढिलें, व संघानें आपल्याच खेळाडूंस दंड केला. १९७० सालीं पुन्हां युरोपीय अंतिम सामन्यास जाऊन मिलान येथें फेयेनूर्ड या डच संघाकडून ते हरले. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती १९७१ सालच्या जानेवारीच्या २ तारखेची गोष्ट.

त्या दिवशीं रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर दोन्ही संघांचा सामना संपून लोक परतत असतां एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसें मेलीं. मेलेले प्रेक्षक रेंजर्सच्या बाजूचे. स्टीन मैदानावर धांवले व जखमींस मदत करूं लागले. त्यानंतर ग्लासगोच्या सेंट अँड्र्यू कॅथीड्रलमध्यें मृतांसाठीं मिस्सा झाली, तींत दोन्ही संघांचे खेळाडू एकत्र बसले. रेंजर्सच्या खेळाडूंनीं कॅथॉलिक मंदिरांत गुडघे टेंकावेत, हें त्या शहरांत एरवीं कोणी कल्पिलेंही नसतें. माणसाच्या प्राणापुढें हा पंथद्वेष किती क्षुद्र ठरतो, आणि या आपत्तीनें तरी त्यास आळा बसला पाहिजे, असें स्टीन यांनीं त्या वेळीं सेल्टिकच्या लोकांस उद्देशून लिहिलें.

लिहिणें सोपें असतें. पुढच्याच वर्षीं, १९७२ सालीं, स्टर्लिंग गांवीं सामना चालूं असतां सेल्टिकच्या प्रेक्षकांतील कांहीं मंडळी द्वेषाचीं गाणीं गाऊं लागली. तेव्हां हे पन्नाशीस टेंकलेले, अधू पायाचे गृहस्थ थेट त्या गर्दींत शिरले व आपल्याच लोकांस त्यांनीं तेथल्या तेथें गप्प बसविलें. परक्यांस दटावण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. आपल्याच पाठीराख्यांस, ज्यांच्या टाळ्यांवर आपलें पद उभें आहे त्यांस, तोंडावर चूक सांगावी लागते तेव्हां मनुष्याची परीक्षा होते.

शेवटचा सामना

१९७५ सालीं मोटारीच्या भीषण अपघातांतून स्टीन कसेबसे वांचले. त्यांच्या गैरहजेरींत फॅलन यांनीं संघ सांभाळिला. १९७७ सालीं आणखी एकदां लीग व कप जिंकून १९७८ सालीं स्टीन यांनीं सेल्टिकची रजा घेतली. इंग्लंडांतील लीड्स संघांत अवघे ४४ दिवस राहून ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे मॅनेजर झाले व १९८२ सालीं तो संघ घेऊन जागतिक चषकासाठीं स्पेनला गेले.

कीर्ति मिळाली तरी खाण ते विसरले नव्हते. ब्रिटनमधील खाणकामगारांचा मोठा संप १९८४-८५ सालीं चालला, तेव्हां संपावरील कुटुंबांसाठीं ते स्वतः पैसे देत व बरोबरच्यांसही त्याची आठवण देत, असें त्यांचे सहायक अॅलेक्स फर्ग्युसन यांनीं पुढें सांगितलें आहे.

१० सप्टेंबर १९८५ रोजीं वेल्समधील कार्डिफ येथें स्कॉटलंडचा वेल्सशीं सामना होता. जागतिक चषकाच्या पात्रतेसाठीं बरोबरी तरी हवीच होती. ८१ व्या मिनिटास डेव्ही कूपर यांनीं गोल करून ती साधली. सामना संपत असतांच मैदानाच्या कडेस स्टीन कोसळले, आणि तेथील औषधोपचाराच्या खोलींत थोड्याच वेळानें त्यांचा प्राण गेला. वय ६२ वर्षांचें होतें. ज्या वेल्समध्यें एके काळीं खेळ सोडून खाणींत परतण्याचा विचार त्यांनीं केला होता, तेथेंच त्यांची शेवटची सेवा घडली.

आपल्या दारापुढें

आज सेल्टिकच्या मैदानाच्या दारापुढें ब्रदर वॉल्फ्रिड यांचा पुतळा आहे. तो २००५ सालीं उभारला. २०११ सालीं स्टीन यांचा पुतळाही तेथेंच उभा राहिला. मुलांच्या ताटाचा मूळ हेतु आठवून संघानें १९९५ सालीं आपला धर्मादाय निधि पुन्हां सुरू केला. एक धर्मबंधु व एक प्रॉटेस्टंट खाणकामगार असे एकाच अंगणांत उभे आहेत. पहिल्यानें ताट मांडिलें; दुसऱ्यानें त्याभोंवतींची भिंत आपल्या परीनें ढांसळविली. बाबेलच्या बंदिवासांतून देवाच्या लोकांस सोडवून यरुशलेमेस परत धाडणारा राजा कोरेश हा इस्राएलाच्या घराण्यांतला नव्हता. तरी यशया संदेष्टा त्यास परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो. देव आपलें काम कोणाच्या हातून करवून घेईल, याची यादी त्यानें आम्हांपाशीं ठेविलेली नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आपण आपल्या धर्मग्रामाकडे पाहूं या. शेवटच्या बांकावर बसून मिस्सा ऐकणारीं, बाहेरगांवाहून आलेलीं कुटुंबें आपल्यांत आहेत. त्यांपैकीं कितीजणांस आपण एखाद्या मंडळाच्या कामांत बोलाविलें? शेजारच्या वस्तींतील इतर धर्माचीं मुलें आपल्या पटांगणांत खेळावयास येतात. त्यांस आपण चेंडू देतों कीं हांकलून देतों? आणि ज्यांचें स्वतःचें खेळणें वयामुळें संपलें आहे, अशा आपल्या बांधवांस आमची खास विनंति आहे. गुडघे दुखतात म्हणून घरीं बसूं नका. संध्याकाळीं घटकाभर पटांगणांत या, व पोरांस चार गोष्टी शिकवा. स्टीन यांचें मोठें कार्य त्यांचा पाय अधू झाल्यानंतरच सुरू झालें.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडिलांनीं येथें जें दार उघडलें, त्यास अडसर न घालण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो, आणि आपल्या हातून एकाही मुलाचें ताट रिकामें न राहो, हीच या मंगल प्रसंगीं आमची प्रार्थना.